ठकीचं ओलं अंथरूण आणि आमचे पाच महिने

४ जानेवारीच्या सकाळी ठकीचं अंथरूण ओलं दिसलं. मला वाटलं, पाण्याचं भांडं लवंडलं असेल. भांडं जागच्या जागी होतं, भरलेलंही होतं. अंथरूण उचलून नाकाशी धरलं तेव्हा कळलं.

ठकी आठ वर्षांची, एकोणीस किलोची, कुठल्याच जातीची नसलेली कुत्री. पिल्लू असताना शू कुठे करायची हे ती चार दिवसांत शिकली होती, आणि त्यानंतर तिने घरात एकदाही चूक केली नव्हती. त्या सकाळी मी अंथरूण धुवायला नेलं तर ती खाटेखाली जाऊन बसली, बोलावलं तरी बाहेर येईना. मी रागावले नव्हते, पण तिलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटत असावं. हे इथे लिहिते कारण पुढे पहिले दोन आठवडे घरात हीच चर्चा चालली होती: ही मुद्दाम करते का? बाबांचं म्हणणं, "म्हातारी झाली ती, चालायचंच." मुलाचं म्हणणं, आम्ही तिला वेळ देत नाही म्हणून रुसली आहे. डॉक्टरांकडे जाऊ या असं कोणीच म्हणालं नाही. मीही नाही.

आता मागे वळून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते, आणि तेव्हा कोणी सांगितली असती तर आमचे सात आठवडे वाचले असते. कुत्र्याला 'लघवीचा त्रास' आहे म्हणजे नक्की काय होतंय, याचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. एकात कुत्रं जागं असतं, त्याला घाई होते, ते सारखं बसतं, थेंबथेंब करतं, कण्हतं, चाटत राहतं. दुसऱ्यात ते गाढ झोपेत असतं, त्याला पत्ताही नसतो आणि खाली ओलं होतं. पहिल्यात बहुधा मूत्राशय चिडलेलं असतं: जंतुसंसर्ग, खडे, क्वचित गाठ. दुसऱ्यात बहुधा मूत्राशयाचं तोंड आवळून धरणारा स्नायू सैल पडलेला असतो. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, दुसऱ्याचं पहिल्याला नाही. ठकीला दोन्ही होतं, त्यामुळे आमचा गोंधळ दुप्पट झाला.

जानेवारी संपेपर्यंत अंथरूण आठवड्यातून तीन-चारदा ओलं व्हायला लागलं होतं. शिवाय ती दिवसातून आठ-दहा वेळा दाराशी जाऊन उभी राहायची. मग मी घरगुती उपाय शोधायला बसले.

आधी आणली क्रॅनबेरीची पूड भरलेली कॅप्सूल. मग पाण्यात चमचाभर ॲपल सायडर व्हिनेगर, 'लघवी आम्लधर्मी होते' म्हणून. मग मक्याच्या कणसाचे केस उकळून गाळलेलं पाणी. आणि हे सगळं कमी पडलं म्हणून माझं स्वतःचं डोकं: रात्री आठनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं. प्यायलीच नाही तर करणार कुठून!

या चारांपैकी सगळ्यात घातक उपाय माझ्या डोक्यातून आलेला होता. पाणी कमी म्हणजे लघवी दाट, दाट लघवी मूत्राशयात जास्त वेळ पडून, म्हणजे जंतूंना आणि खड्यांना आयतंच. व्हिनेगरनेही तेच केलं, वेगळ्या वाटेने. ठकीला तो वास मुळीच आवडला नाही, त्यामुळे दिवसाही तिचं पिणं निम्म्यावर आलं. लघवी आम्लधर्मी झाली नाही ती नाहीच. शरीर रक्ताची आम्लता फार काटेकोरपणे सांभाळतं. चमचाभर व्हिनेगरने लघवीवर भरवसा ठेवण्याजोगा फरक पडत नाही, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. मक्याच्या केसांच्या पाण्याबद्दल ते म्हणाले, "उपयोग होतो याचा पुरावा नाही, पण तेवढं पाणी तरी पोटात गेलं." थोडक्यात, माझ्या सगळ्या उपायांत पाणीच काय ते औषध होतं, आणि तेच मी तोडलं होतं.

क्रॅनबेरीचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळे आधी तिथेच जातात. तिच्यातले काही घटक ई. कोलाय नावाच्या जंतूला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, अशी कल्पना आहे. माणसांत तिचा उपयोग झाला तर तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. कुत्र्यांमधला पुरावा तर तोकडाच आहे. डी-मॅनोज या साखरेचंही तसंच, तीसुद्धा ई. कोलायपुरतीच. ठकीला निघालेला जंतू ई. कोलाय नव्हताच, म्हणजे आम्ही भलत्याच कुलपाला किल्ली लावत बसलो होतो. क्रॅनबेरीत ऑक्झलेटही असतं, त्यामुळे ज्या कुत्र्याला कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होतात त्याला ती न विचारता देऊ नये. आणि माणसांसाठीची सरबतं, चघळायच्या गोळ्या किंवा सुका मेवा तर नकोच. त्यांत झायलिटॉल किंवा बेदाणे असू शकतात. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. बेदाणे आणि द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मी कॅप्सूल आणली होती, त्यामुळे वाचलो. अक्कल म्हणून नव्हे, दुकानात तीच होती म्हणून.

२१ फेब्रुवारीला संध्याकाळी ठकी फरशीवर बसली आणि गुलाबी थेंब पडले. पाठोपाठ पुन्हा बसली, काही आलं नाही. पुन्हा बसली. शेजारच्या काकू तेव्हा घरी आल्या होत्या. त्या लगबगीने स्वतःची लघवीच्या जळजळीची सिरपची बाटली घेऊन आल्या, "दोन चमचे दे, मला लगेच आराम पडतो." मी चमचा हातात घेतला होता. फोनवर डॉक्टरांना विचारलं तर ते जवळजवळ ओरडलेच. तसली सिरप लघवी अल्कधर्मी करतात. ठकीची लघवी आधीच अल्कधर्मी होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तिला झालेल्या प्रकारचे खडे अल्कधर्मी लघवीतच वाढतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांबद्दलही त्यांनी तेव्हाच बजावलं: आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, काहीही नाही. आणि मग विचारलं, "थेंब तरी येतोय ना?" येत असेल तर सकाळी आणा. जोर करूनही थेंबसुद्धा येत नसेल तर रात्रीच निघा, कारण मूत्रमार्ग बंद झाला तर तासांचा प्रश्न असतो. नर कुत्र्यांत हा धोका जास्त, त्यांची नळी अरुंद असते. ठकीचे थेंब येत होते. रात्रभर मी दर तासाला उठून पाहिलं.

२२ फेब्रुवारी. नमुना लागणार हे माहीत होतं, म्हणून पहाटे मी जॅमची रिकामी बरणी साबणाने धुऊन तिच्या मागे मागे फिरले आणि कशीबशी दोन चमचे शू गोळा केली. दवाखान्यात नऊ वाजता पोहोचलो, आमचा नंबर साडेदहाला लागला. डॉक्टरांनी बरणी हातात घेतली, प्रकाशात धरली आणि बाजूला ठेवून दिली. साबणाचा अंश, जॅमची साखर, चार तास खोलीतल्या तापमानाला उघडी. शिळ्या नमुन्यात जंतू वाढतात, नसलेले स्फटिक तयार होतात. नमुना अर्ध्या तासात तपासला गेला तर उत्तम, नाहीतर झाकण लावून फ्रिजमध्ये. कल्चरसाठी, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, तर बरणी चालतच नाही, पोटाच्या कातडीतून बारीक सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढावी लागते.

ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्यात आणखी भर म्हणजे ठकीने दवाखान्याच्या पायरीशीच चार वेळा बसून मूत्राशय पार रिकामं करून टाकलं होतं. सोनोग्राफीत सुई घालण्याएवढीही लघवी दिसेना. मग पाणी पाजून दोन तास बाहेर बसलो. त्या दोन तासांत तिला शू करू द्यायची नव्हती, म्हणजे मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की काय सांगू. तर टीप अशी: तपासणीला जाताना कुत्र्याला शक्य तितकं उचलून न्या, दारात शू करू देऊ नका, आणि निघण्याआधी पाणी पाजा.

सुईचा प्रकार प्रत्यक्षात दहा सेकंदांचा. ठकी हललीही नाही. सोनोग्राफीच्या यंत्रावर सुईचं टोक दिसत असतं. रक्त काढताना ती याहून जास्त कुरकुरते.

एक्स-रेत दोन खडे दिसले. एक साधारण नऊ मिलीमीटरचा, दुसरा त्याच्या निम्मा. लघवीच्या तपासणीत पीएच ८ (सातच्या वर म्हणजे अल्कधर्मी, खाली म्हणजे आम्लधर्मी), रक्त, पांढऱ्या पेशी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शवपेटीच्या झाकणासारखे दिसणारे स्फटिक. डॉक्टरांनी मलाही दाखवले. भिंगाखाली ते काचेसारखे लखलखत होते आणि मला उगाच वाटून गेलं, एवढी देखणी वस्तू एवढा त्रास कशी देते!

ते स्ट्रुवाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून झालेले. कुत्र्यांत हे खडे बहुतेक वेळा संसर्गामुळेच होतात: काही जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात, त्यातून अमोनिया सुटतो, लघवी अल्कधर्मी होते आणि हे क्षार साखळतात. त्यामुळे जंतू मारले आणि आहार बदलला तर खडे विरघळू शकतात. दुसरा नेहमीचा प्रकार कॅल्शियम ऑक्झलेट, तो कशानेही विरघळत नाही, काढावाच लागतो. एक्स-रेत दोन्ही पांढरेच दिसतात. मग हे स्ट्रुवाइटच कशावरून? डॉक्टर म्हणाले, "ताई, खडा हातात येईपर्यंत शंभर टक्के कोणीच सांगू शकत नाही. पण मादी आहे, पीएच आठ आहे, स्फटिक दिसतायत. कल्चरमध्ये युरिया फोडणारा जंतू निघाला तर मी पैज लावीन. महिनाभर आहार देऊन बघू. खडे लहान झाले तर आपलं बरोबर, नाहीतर ऑपरेशन." नर असता किंवा लघवी अडत असती तर हा सबुरीचा सल्ला त्यांनी दिला नसता, हेही त्यांनी सांगितलं.

कल्चरचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत गेला. त्याचा फॉर्म मी भरला. नाव, वय, लिंग, वजन हे ठीक. त्याखाली दोन रकाने होते जे स्वागतकक्षातल्या मुलीने 'राहू द्या' म्हटले आणि डॉक्टरांनी परत पाठवून भरायला लावले. एक, नमुना कसा घेतला: वाहत्या धारेतून, नळी घालून की सुईने. धारेतल्या नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळतात, त्यामुळे तिथे थोडे जंतू निघाले तरी त्याला फारसा अर्थ नसतो. सुईने घेतलेल्यात थोडे निघाले तरी असतो. दोन, सध्या अँटिबायोटिक चालू आहे का. चालू असेल तर कल्चर खोटं 'निरोगी' येऊ शकतं. म्हणूनच नमुना आधी, पहिली गोळी नंतर. प्रयोगशाळा माणसांचीही होती, त्यामुळे पावतीवर छापून आलं: 'कु. ठकी, वय ८'. ती पावती अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे.

रिपोर्ट २६ तारखेला आला, चौथ्या दिवशी. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस, कुत्र्यांच्या कातडीवर राहणाराच जंतू, युरिया फोडणारा. डॉक्टरांनी पैज जिंकली. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला बधतो, आर म्हणजे दाद देत नाही, आय म्हणजे मधला. पहिल्या दिवशी अंदाजाने सुरू केलेल्या अमॉक्सिसिलिनपुढे आर होता. त्यात क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड मिसळलेल्या जोडऔषधापुढे एस. गोळी त्याच दिवशी बदलली. कल्चरचा खर्च वाचवावा असा विचार माझ्या मनात आला होता, हे कबूल करते. तो वाचवला असता तर लागू न पडणारं औषध महिनाभर दिलं असतं. खर्चाच्या उतरंडीत सांगायचं तर सगळ्यात स्वस्त लघवीची साधी तपासणी, मग कल्चर, मग एक्स-रे आणि सोनोग्राफी. आणि या सगळ्यांच्या वर, दर महिन्याला, तो खास आहार.

तो आहार म्हणजे प्रथिनं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम कमी असलेलं, लघवी आम्लधर्मी करणारं, व्हेटच्या चिठ्ठीवर मिळणारं खाणं. जुन्या खाण्यात मिसळत सात दिवसांत पूर्ण त्याच्यावर आणायचं. सोबत दुसरं काहीही नाही. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला, गाभण मादीला किंवा पिल्लाला तो चालत नाही, म्हणून आधी रक्ताची तपासणी झाली. सगळं ठीक निघालं.

'दुसरं काहीही नाही' हे ऐकायला सोपं वाटतं. मी घरी लघवीच्या पीएचच्या पट्ट्या आणल्या होत्या, लांब दांड्याच्या डावात धार पकडायची आणि पट्टी बुडवायची. (तो डाव आता कायमचा ठकीचा.) मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टी हळूहळू साडेसहावर आली आणि एका सोमवारी अचानक साडेसात. मी घाबरून डॉक्टरांना फोन करणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "काल एकच दिलं होतं." एकच काय, तर बिस्किट. चौकशीअंती ते रोज एकच होतं. एका बिस्किटाने पीएच एवढा हलतो का हे मला माहीत नाही, पण त्या दिवसानंतर डबा वरच्या फळीवर गेला आणि बाबांची पंचाईत झाली, कारण ठकी त्यांच्याच खुर्चीशी जाऊन बसायची आणि त्यांच्या हाताकडे बघत राहायची.

पाण्याचं मात्र मनावर घेतलं. घरात तीन ठिकाणी भांडी, दिवसातून दोनदा ताजं पाणी, कोरड्या खाण्यात कोमट पाणी घालून ते भिजवून. शू करायला दर चार तासांनी बाहेर, रात्री अकराची फेरी जादा. लघवीचा दाटपणा (नुसतं पाणी १.००० धरून) पहिल्या दिवशी १.०३४ होता. खडे असताना तो १.०२० च्या खाली हवा. तीन आठवड्यांत १.०१६ झाला. त्याचं श्रेय थोडं आहाराचंही आहे, त्याने तहान वाढते.

२२ मार्चचा एक्स-रे: मोठा खडा निम्म्याहून लहान, छोटा दिसेनासा. १९ एप्रिलचा: काहीच नाही. मी दोन्ही चित्रं शेजारी लावून पुन्हा पुन्हा पाहिली. अँटिबायोटिक तोवर चालूच होतं. ते किती दिवस द्यावं याबद्दल पशुवैद्यांत एकमत नाही. नुसत्या साध्या संसर्गाला आता बरेच जण तीन ते पाच दिवसच देतात. खडा असेल तर त्याच्या थरांत अडकलेले जंतू तो विरघळताना सुटत राहतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ते लांबवलं. आहार एक्स-रे स्वच्छ आल्यानंतरही महिनाभर चालू, १७ मेपर्यंत, कारण डोळ्याला न दिसणारी कणी उरलेली असू शकते. अँटिबायोटिक थांबवल्यावर आठवड्याने पुन्हा सुईने कल्चर. काही वाढलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण अंथरूण ओलंच होत होतं. उलट एप्रिलमध्ये ते रोज व्हायला लागलं होतं, आणि थोडंथोडकं नाही, चांगलं थारोळं. दिवसाची घाई गेली, रक्त गेलं, चाटणं गेलं. फक्त झोपेतलं राहिलं. चार अंथरुणं आळीपाळीने चालली होती: एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर, एक राखीव. मी एका रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडले, ते रक्त पाहून नव्हे, तर हे चौथं अंथरूण पाहून.

डॉक्टरांनी या वेळी एकच प्रश्न विचारला, जो मला जानेवारीत कोणी विचारायला हवा होता: "ओलं होतं तेव्हा ती जागी असते की झोपलेली?" झोपलेली. नेहमीच. ४ जानेवारीलाही. म्हणजे सैल स्नायूचा त्रास आधीपासून होता, संसर्ग त्याच्यावर येऊन बसला. ओल कायम राहिली की बाहेरचे जंतू वर चढायला वाव मिळतो, त्यामुळे हे दोघे एकमेकांचे सोबती असतात. आणि एप्रिलमध्ये वाढलं का, तर आहाराने ती जास्त पाणी पीत होती, मूत्राशय जास्त भरत होतं. आम्हाला वाटलं औषध लागू पडत नाही. खरं तर ते लागू पडत होतं म्हणूनच थारोळं मोठं होतं.

नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं, वजनदार कुत्र्यांत जास्त. ऑपरेशननंतर लगेच होईल असं नाही, काही वर्षांनीही सुरू होतं. ठकीची नसबंदी तिच्या पहिल्या वर्षीच झाली होती. निदान पक्कं करण्याआधी दुसरी कारणं बाजूला सारावी लागतात: मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार). त्यासाठी मी तीन दिवस पाणी मोजलं. मापाच्या भांड्याने सकाळी ओतायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजून वजा करायचं, वजनाने भागायचं. दिवसाला किलोमागे १०० मिलीलिटरच्या वर गेलं तर ते जास्तच. ठकी वाढीव तहानेसकट ७० च्या आसपास होती. ही मोजणी फुकटची आहे आणि डॉक्टरांना फार उपयोगी पडते. फक्त घरात दुसरं जनावर असेल तर भांडी वेगळी करा.

५ मेपासून फेनिलप्रोपॅनोलामाइन सुरू झालं. ते मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळून धरायला मदत करतं. दुसरा पर्याय एस्ट्रिऑल, मादीसाठीचं संप्रेरक, त्याची मात्रा हळूहळू उतरवत कमीत कमीवर आणतात. आम्ही पहिलं निवडलं. चिठ्ठी घेऊन गेले तर औषधविक्रेत्याने नाव वाचून चष्मा काढला. हे द्रव्य पूर्वी माणसांच्या सर्दीच्या औषधांत असायचं. मेंदूत रक्तस्रावाचा धोका दिसल्यावर २००० साली अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला सांगितलं. त्याने थेट डॉक्टरांशी बोलून खात्री केली, चिठ्ठीवर 'कुत्र्यासाठी' असं ठळक लिहून आणायला लावलं, मग मागवलं. दोन दिवस गेले. मला चीड आली होती, पण त्याचं चुकलं असं आता म्हणवत नाही. चिठ्ठीवर कुत्र्याचं नाव, वजन आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का हे दवाखान्यातून निघतानाच पाहून घ्या.

या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून आधी मोजला. पायाला छोटा पट्टा बांधतात, पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढतात, कारण दवाखान्यात आल्याआल्या बऱ्याच कुत्र्यांचा वाढलेला असतो. दहा मिनिटं शांत बसू दिलं मग १३५ आला.

पाचव्या रात्री अंथरूण कोरडं. सहाव्याही. पण ठकी रात्रभर येरझाऱ्या घालत होती, धापा टाकत होती, खाणं अर्धं ठेवत होती. स्वतःहून गोळी बंद करायचा मोह झाला. फोन केला. डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा रक्तदाब मोजला, १५५ होता, आणि मात्रा कमी केली. आठवड्याने १४० आला, येरझाऱ्या थांबल्या, अंथरूण कोरडंच राहिलं. म्हणजे तिला पहिली मात्रा जास्त होत होती, औषध चुकीचं नव्हतं. मे अखेरीस एकदा मी सकाळची गोळी विसरले तर दुपारच्या झोपेत थेंब पडलाच. विसरलेली गोळी पुढच्या गोळीसोबत दुप्पट करून द्यायची नाही, तेवढं ध्यानात ठेवा. आणि बाटली कुलपात. काही गोळ्यांना कुत्र्यांना आवडेल असा स्वाद असतो, अख्खी बाटली फस्त केली तर जिवावर बेतू शकतं. घरात रक्तदाबाच्या गोळ्या घेणारं माणूस असेल तर त्यांच्या डब्याशेजारी तर ही नकोच. बाबांचा डबा आणि ठकीची बाटली मी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या आहेत.

धुण्याबद्दल दोन शब्द, कारण पाच महिने तेच केलं. अमोनिया असलेल्या क्लीनरने फरशी पुसू नका, कुत्र्याला तो शूचाच वास वाटतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं. एन्झाइमवालं क्लीनर घ्या, ते ओतून लगेच पुसायचं नाही, पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं. अंथरुणाखाली रबरी चादर. डायपर रात्रीपुरता वापरला तर सकाळी काढून कोमट पाण्याने पुसून कोरडं करा, नाहीतर मांडीची कातडी लाल होते. ठकीची झाली होती.

क्रॅनबेरीची उरलेली कॅप्सूल मी फेकली नाही, डॉक्टरांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "द्यायचीच असेल तर द्या, हिला ऑक्झलेटचा त्रास नाही. पण तिच्या भरवशावर तपासणी चुकवू नका." देत नाही. दर तीन महिन्यांनी लघवीची तपासणी आहे, पुढची ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, रक्तदाब त्याच दिवशी. पाण्याची तिन्ही भांडी अजून जागच्या जागी आहेत. चार अंथरुणांपैकी तीन धुऊन माळ्यावर टाकली. चौथं, राखीव, मात्र अजून ठकीच्या कोपऱ्यातच घडी करून ठेवलंय, आणि ती हल्ली त्याच्यावर डोकं ठेवून झोपते.